शिवगंगाअक्काचं नामंजूर

बेलवाडी, ता. पाटोदा
९ ऑक्टोबर १९७२

चि. वीरभद्र यास शिवगंगाअक्काचे अनेक आशीर्वाद वि. वि.

तू राज्याचा अर्थमंत्री झाल्यापासून तुझं पत्र टाइप होऊन येतं. खालची सही तेवढी तुझी असते, त्यावर मी समाधान मानते. इकडे सगळे सुखरूप. पाऊस नाही, हे पेपरात वाचलंच असशील.

आपल्या साखर कारखान्याची वार्षिक सभा रविवारी आहे. गावच्या तलावात उरलेलं पाणी नळ टाकून कारखान्याला न्यायचं, असा ठराव चेअरमन चन्नप्पा आणणार आहेत. तेच पाणी आम्ही पितो. सभा कशी चालते ते तुला काय सांगू, ती पद्धत तूच पाडलीस. ठराव वाचून व्हायच्या आत पुढच्या रांगा 'मंजूर' म्हणून ओरडतात आणि सगळे साखरेच्या पिशव्या घ्यायला पळतात. तुझ्या दाजींच्या माघारी त्यांचा शेअर माझ्या नावावर आहे. मी जाणार आणि नामंजूर म्हणणार. आधी सांगितलं नाही म्हणू नकोस.

शिवम्माला आणि लेकरांना आशीर्वाद. लोभ तलावासारखा आटू देऊ नकोस.

तुझी अक्का

मुंबई
१२ ऑक्टोबर

तीर्थरूप अक्कास वीरभद्राचे शरणार्थ वि. वि.

हे हातानं लिहितोय, टाइपिस्टला दाखवण्यासारखं नाही. सभेला जाऊ नकोस. अंग दुखतंय म्हणून घरी राहा. बैलगाडीतून फिरून शेअर गोळा केले तेव्हापासून चन्नप्पा माझ्याबरोबर आहे. त्याच्याच जोरावर आमदार झालो, मंत्री झालो. तो फिरला तर खुर्ची गेली. शिवाय गाळप थांबलं तर उभा ऊस वाळेल, तेही आपलेच लोक. गावाला टँकर मी पाठवतो. सख्खी बहीणच भरसभेत उठली तर इथे कोणत्या तोंडानं बसू?

रागावू नकोस. तुझ्या मायेवर हक्क आहे असं धरून चालतो.

तुझा वीरभद्र

बेलवाडी
१७ ऑक्टोबर

चि. वीरभद्र यास आशीर्वाद वि. वि.

अंग दुखत नव्हतं, म्हणून गेले. 'मंजूर'चा गजर झाला आणि मी उभी राहून नामंजूर म्हटलं. पुढच्या रांगा वळून माझ्याकडे बघायला लागल्या. चन्नप्पा हसून म्हणाले की अक्का थकल्यात, त्यांना सावलीत बसवा. तेवढ्यात बौद्धवाड्यातली भिमाबाई मागून उठली आणि तिनं विचारलं की तळ्यातलं पानी न्हेल्यावर आमी काय साखर पिऊन जगायचं हाय का. मग बाया उठतच गेल्या. तरी हात न मोजता ठराव मंजूर केला. आम्ही साखरेच्या पिशव्या तिथेच ठेवून आलो.

टँकर पाठवशील तर तो आधी मंत्र्याच्या बहिणीच्या दारात उभा राहील, आणि मला तो परत धाडावा लागेल. आता नळासाठी सरकारी पैसे मागणारा कागद अर्थमंत्री म्हणून तुझ्यापुढे येईल. मला भरसभेत लाज वाटली नाही. तुझं तू बघ.

लोभाचं तुझं उत्तर आल्यावर ठरवीन.

अक्का

मुंबई
२ नोव्हेंबर

तीर्थरूप अक्कास शरणार्थ वि. वि.

कागद आला. बैठकीत सगळ्यांनी माना डोलावल्या. मी त्यावर नामंजूर लिहून सही केली. चन्नप्पानं आमदार फिरवले आणि काल मुख्यमंत्र्यांनी माझा राजीनामा मागून घेतला. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. नवा मंत्री नवा कागद काढेल. काढू दे, तलावाच्या बांधावर आता आपण दोघं आहोत.

शनिवारी बीडहून एसटीनं येतोय. पाटोद्याच्या स्टँडवर हार घेऊन कोणी येणार नाही, तू ये. पुढच्या सभेत मी मागे, भिमाबाईच्या रांगेत बसणार आहे. जागा धरून ठेव.

माझ्यावरचा लोभ मंजूर असावा, ही विनंती.

तुझा वीरभद्र