उजवीकडचा दीड इंच

१२ नोव्हेंबर, सकाळी ७
संकल्प. चतुराच्या वर्षश्राद्धाला, म्हणजे १४ डिसेंबरला, तिचं स्क्रॅपबुक तयार पाहिजे. सोळा पानं. रोज अर्धं पान, बत्तीस दिवस. आणि हातात बत्तीसच दिवस आहेत. याला म्हणतात नियोजन.

भिंतीवरचा हार घातलेला फोटो आधार कार्डावरून मोठा केलेला आहे. वैभवी म्हणते, ही आई वाटतच नाही, कोणी घाबरलेली बाई वाटते. परवा वाशिमहून आली तेव्हा कपाटातले सगळे जुने प्रिंट पाकिटात भरून देऊन गेली. तेवीस आहेत. ताकीद वेगळी: शिरपूरचा, आई हसते तो एकच फोटो आहे बाबा, तो जीवापाड सांभाळा, मोठा करून भिंतीवर लावायचाय. मी तीस वर्षं मालेगावात ड्रॉइंग मास्तर होतो. मला कागद सांभाळायला शिकवते.

१३ नोव्हेंबर
यूट्यूबवर एक बाई स्क्रॅपबुकचे स्केच दाखवतात. स्केच म्हणजे पानाचा नकाशा. इथे फोटोची चौकट, इथे शीर्षक, इथे दोन ओळी. सोळा स्केच उतरवून घेतले, पट्टी लावून, एचबी पेन्सिलने. बाई म्हणतात, स्केच फक्त प्रेरणेसाठी आहे, आपल्या फोटोप्रमाणे बदलत जा. हे कच्च्या लोकांसाठी. नकाशा म्हणजे नकाशा.

मोबाइलमध्ये चतुराचा एकही फोटो सापडला नाही. मोबाइल तिच्या हातात असायचा, फोटो माझे निघायचे. काढायची छान.

१८ नोव्हेंबर
पाच दिवस शीर्षकाच्या अक्षरांचा सराव. हे काम घाईने होत नाही. अर्धं पान रोज हा हिशोब जरा भोळाच होता. रोज एक करू.

१९ नोव्हेंबर, दुपारी ४
पान १. फोटो घरभरणीचा. पंचाईत अशी की स्केचमध्ये चौकट उभी आणि फोटो आडवा. मुख्य व्यक्ती मध्यभागी हवी. मध्यभागी मी होतो. उजवीकडचा दीड इंच कापला. होतं काय तिथे? दार, तुळस, आणि हिरव्या पातळाचा काठ. तिची सवयच होती, सगळे उभे राहिले की शेवटी हात पुसत यायची आणि कडेला उभी राहायची. यात स्केचचा दोष नाही.

कापताना पाठीमागे कोणी उभं आहे असं वाटलं. वळून पाहिलं. कोणी नव्हतं. थंडीने मान आखडली असणार.

२४ नोव्हेंबर
मागे पडलो होतो, म्हणून आज चार पानं एकदम. हात बसला आहे. कापलेल्या पट्ट्या बिस्किटांच्या डब्यात टाकतो. एका पट्टीवर कोपर आणि बांगड्या, एकीवर कान, एकीवर अर्धी पाठ. पानं मात्र देखणी झालीत. असा कोरा समास शाळेत एकाही पोराने कधी सोडला नाही.

२८ नोव्हेंबर, दुपारी
चार वाजता स्वयंपाकघरात कपबशी वाजली. मी टेबलावरूनच म्हणालो, आलं घाल थोडं. मग लक्षात आलं. उठून पाहिलं तर ओट्यावर एक कप, बशी वेगळी. उंदीर.

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. विज्ञान प्रदर्शनाचे फलक तीस वर्षं मीच रंगवले आहेत.

१ डिसेंबर
पान ९. स्केचमध्ये तीन इंची चौरस. उरलेल्या फोटोंत रंगाने या पानाला शोभेल असा एकच, शिरपूरचा. मंदिराच्या पायऱ्या, मी, माझ्या कडेवर लहानगी वैभवी, आणि उजव्या कडेला चतुरा हसते आहे. कशावर हसली होती ते आठवत नाही. माझ्या टोपीवर असेल.

तासभर विचार केला. चौरस म्हणजे चौरस. शेवटी कापला, पण फार जपून. ती पट्टी कुठेच वाया जाणार नाही, स्टुडिओवाले हल्ली सगळं जोडून देतात. वैभवीला फोनवर सांगितलं, फोटो व्यवस्थित आहे. खोटं नाही ते. दोन्ही तुकडे व्यवस्थित आहेत.

४ डिसेंबर, दुपारी ३
गोंद वाळावा म्हणून पंखा लावला. डब्याचं झाकण उघडं राहिलं होतं. सगळ्या पट्ट्या उडाल्या. खोलीभर कोपरं, पदर, बोटं. पायाला काही चिकटलं म्हणून वाकलो तर हसणारा चेहरा, गळ्यापासून वर. माझ्याकडेच बघत होता.

भीती वाटली. लिहून ठेवतो, इथे वाचतंय कोण. पंखा बंद केला तरी पट्ट्या थोडा वेळ हलत राहिल्या. मी अंगणात खुर्ची टाकून दिवेलागणीपर्यंत बसलो. आत जायला पाय होईना.

५ डिसेंबर, सकाळी
घर साफ केलं. खराट्याने सगळ्या पट्ट्या लोटल्या, बघितलं नाही, डब्यासकट घंटागाडीत टाकल्या. शेवटी कटिंगच ती. गाडी कोपऱ्यावरून वळली तेव्हा आठवलं, त्यात शिरपूरचीही होती. हाक मारणार होतो. गाडीवरचं गाणं फार मोठ्याने वाजत होतं.

निगेटिव्हवरून करता येईल.

६ डिसेंबर
निगेटिव्ह एकमेकांना चिकटून वडी झाली आहे.

११ डिसेंबर
सोळाही पानं पूर्ण. तीन दिवस आधी! वैभवीने अशी मांडणी कुठे पाहिली असेल? फोटोचं विसरेल ती.

घर शांत आहे. चार वाजता काही वाजत नाही. दोनदा आत जाऊन पाहिलं. कप आणि बशी मुद्दाम वेगळी ठेवून पाहिली. नाही वाजली. बरंच झालं. करमत नाही.

१४ डिसेंबर, संध्याकाळ
विधी झाला. पानं वाढायच्या आधी स्क्रॅपबुक सर्वांसमोर ठेवलं. अनसिंगहून रुखमाअक्का आली होती, माझी थोरली बहीण. तिने चष्मा लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिलं आणि सगळ्यांदेखत म्हणाली, काहून रे जाना, मायी भावजय कुठी हाय याच्यात? सारा तूच दिसून राह्यला.

मी समास, तोल, मध्यभाग, सगळं समजावलं. कोणी ऐकत नव्हतं. वैभवीने नवव्या पानावर बोट ठेवलं आणि हळूच विचारलं, बाबा, इथून कापलेलं कुठे आहे? घंटागाडी म्हटलं. भांडली असती तर बरं झालं असतं. जेवली नाही, पाचच्या बसने गेली. जाताना भिंतीवरच्या फोटोचा हार सरळ केला.

१५ डिसेंबर, सकाळी ६
सुचलं! फोटो नाही म्हणून अडलंय कशाला? ड्रॉइंग मास्तर घरातच आहे. चतुराचं पोर्ट्रेट काढणार, हसतानाचं, अर्ध्या इम्पिरियल आकाराच्या कागदावर. आठवणीतून. पस्तीस वर्षं समोर होती, आठवायला फोटो कशाला लागतो? रविवारी वाशिमला स्वतः नेऊन देणार. वैभवी बघतच राहील.

१६ डिसेंबर, दुपारी ४
पदर झाला. अंबाडा झाला. बांगड्या, गळ्यातली काळी पोत, हिरव्या पातळाचा काठ, सगळं भराभर आलं. हे सगळं त्या पट्ट्यांवर पाहिलेलं होतं. मग चेहऱ्याला बसलो. सकाळपासून तिथेच आहे. डोळे काढले की आधार कार्डावरची बाई येते. हसू काढलं की शेजारची कोणीतरी.

म्हटलं, नाकापासून धरू. नाकातली चमकी आधी काढली, ती एकदा बसली की बाकीचं आपोआप बसतं. फक्त डावीकडे की उजवीकडे, एवढीच शंका. अक्काला फोन लावला.

अक्का म्हणाली, तिचं नाक टोचेलच नव्हतं रे. लग्नातबी दाबाची नथ घातली होती तिनं. मग विचारलं, जेवला काय?

जेवलो म्हटलं. चमकी खोडली. कागद तिथे थोडा काळा झाला आहे.