शेवगाव तेवढं राहिलं आहे

अहिल्यानगर,
रविवार

प्रिय गहिनी,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून शेवटी कागद घेऊन बसलो. कीबोर्डनं आपल्या अक्षराची पार वाट लावली आहे, तेवढं सांभाळून घे.

बातमी अशी, की आपल्या संस्थेनं अखेर ब्राउझर बदलायला घेतला. एखाद्या कॉलेजात नव्हे, जिल्ह्यातल्या झाडून सगळ्या शाळा-कॉलेजांत! तू किती वर्षं घसा कोरडा केलास. आपल्या म्हाताऱ्या कॉम्प्युटरांना जुना झेपत नाही, दुसरा हलका आहे, फुकट आहे, माणसाच्या मागावर राहत नाही. आणि सचिवसाहेब दर मीटिंगला म्हणायचे, "चाललंय ना? मग कशाला हात लावता?" यंदा परीक्षेचे फॉर्म भरायची वेळ आली आणि अर्ध्या शाखांत जुन्यातून बोर्डाची वेबसाइटच उघडेना. पोरं रांगेत, पालक दारात. साहेबांनी मला बोलावून घेतलं. म्हणाले, "तो तुमचा गहिनीनाथ कुठला ब्राउझर म्हणायचा हो?" वहिनींच्या आजारपणापायी तू नोकरी सोडलीस, पण नाव त्यांच्या लक्षात होतं. मला फार बरं वाटलं. आपल्या खोलीत येऊन तुझ्या टेबलाकडं बघितलं, तर तिथं प्रिंटरची खोकी.

तुझ्या जागी त्यांनी कुणी दिलंच नाही. गाडी घेऊन मी एकटाच निघालो. कर्जतच्या शाळेतले गोरक्षनाथ तुला आठवतील, रिटायर व्हायला आलेले हेडक्लार्क. खुर्चीच सोडेनात. "सर, ह्या जुन्याच्या खुणा मला डोळं मिटून घावत्यात. नव्यात चुकलो तर पोरांचं फॉर्म जातील, मंग कुनाच्या तोंडाकडं बघू?" मी त्यांच्या शेजारी बसलो आणि एका पोराचा फॉर्म त्यांच्याच हातानं नव्यातून भरून घेतला. मग दुसऱ्याचा. चार दिवसांनी त्यांचा फोन आला, "सर, लई हलकं चालतंय, आधीच का न्हाई आनलं?" तुझंच वाक्य त्यांच्या तोंडून ऐकून मी हसलो. पण ते सांगायला खोलीत कुणीच नव्हतं.

घोडेगावच्या पुढं आपली जी शाळा आहे तिथं जायला निघालो, तो नेमका शुक्रवार. बाजाराच्या म्हशींनी सगळा रस्ता भरलेला. एक म्हैस गाडीला नाक लावून उभी राहिली, हलेच ना. मी शेजारच्या सीटकडं वळून म्हणालो, "गहिनी, उतर, तुझ्या ओळखीची दिसते." म्हटलं, आणि मग स्वतःच उतरून तिला बाजूला केलं.

त्या शाळेत माझ्या हातून घोटाळा झाला. उशीर झाला म्हणून घाई केली. जुना ब्राउझर काढून टाकला आणि त्यात साठवलेले पासवर्ड नव्यात आणायचे राहूनच गेले. सगळे गेले. फॉर्मची मुदत दुसऱ्या दिवशी संपणार. तुझा नंबर लावला. नुसती रिंग वाजत राहिली.

तिथल्या क्लार्क गोजरबाई. मला वाटलं आता ओरडतील. त्या म्हणाल्या, "बसा सर. एकेक करून नवं काढू." बोर्डाला फोन, कुणाच्या मोबाईलवर ओटीपी, कुणाचा जुना नंबर बंद. दिवस मावळताना शेवटचं खातं उघडलं आणि राहिलेले फॉर्म भरायला लागले. उशीर झाला म्हणून मी माफी मागितली, तर म्हणाल्या, "मला कशाची घाई? मालक गेल्यापासनं घर खायला उठतंय. पैले दोन म्हैने मी दारच उघडलं न्हवतं. मंग शाळेतल्या बायाच येऊन बसल्या. बोलल्या कायच न्हाईत, नुसत्या बसल्या."

परतताना गाडीत रेडिओ लावला नाही.

गहिनी, वहिनींच्या दहाव्याला मी आलो होतो. आपण ओट्यावर बसलो, आणि मी तुझ्याशी कॉलेजच्या नव्या जनरेटरबद्दल बोललो. दुसरं काही सुचलंच नाही. आजही सुचत नाही, म्हणून हे सगळं ब्राउझरचं लिहिलं. काल तुझ्या पूजाचा पुण्याहून फोन आला होता. "काका, बाबा शेजाऱ्यांनाही दार उघडत नाहीत. जेवतात की नाही तेही कळत नाही," म्हणाली आणि रडायला लागली. आता फक्त तुझ्या शेवगावची शाखा राहिली आहे. मी मुद्दाम शेवटी ठेवली. गुरुवारी येतोय, आणि आधी तुझ्याकडं येणार. वाटलं तर माझ्याबरोबर शाळेत चल, तिथला ब्राउझर तुझ्या हातानं बसव. नाही वाटलं तर नको. बोलायलाही नको. मी नुसता बसेन. पण दार उघड.

तुझाच,
महमूद