पोट लहान करावं का, याबद्दल ताईला

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग म्हणजे आठही अंगं जमिनीला टेकायला हवीत. माझं पोट आधी पोचतं आणि बाकीची अंगं अधांतरी राहतात. तेव्हा एक अंग पोचलं असं समज, उरलेली मनानं तुझ्या पायाशी आहेत.) तुझा गुडघा कसा आहे? भावोजींचा खोकला गेला, की अजूनही अडचणीचा प्रश्न विचारला की उत्तराऐवजी खोकतात? आमच्याकडे सगळं ठीक आहे. म्हणजे तसं ठीक नाही, पण पत्र सुरू करताना तसं लिहायचं असतं म्हणून लिहिलं.

एका बाबतीत तुझं मत हवंय. बाब पोटाची आहे. घाबरू नकोस, पोट दुखत नाही. उलट ते इतकं सुखात आहे की डॉक्टरांना तेच खुपतंय. पण सुरुवातीपासून सांगतो, कारण शेवटापासून सांगितलं तर तू पत्र अर्ध्यावर टाकून भावोजींवर ओरडायला लागशील, आणि त्या बिचाऱ्यांचा यात काही दोष नाही.

मी लोकांना गाडी चालवायला शिकवतो हे तुला ठाऊक आहे, पण मला शिकवताना तू कधी पाहिलेलं नाहीस. आमच्या शाळेची गाडी लहान आहे आणि मी तिच्यात शिकवणाऱ्याच्या जागी बसतो, म्हणजे गाडी माझ्या बाजूला अशी कलते, जशी एखादी बाई शेजारणीच्या कानाशी लागते. टायरवाला म्हणतो, तुमच्या बाजूची टायरं दुसऱ्या बाजूपेक्षा लवकर म्हातारी होतात. माझ्याकडून शिकून गेलेला माणूस पुढे स्वतःच्या गाडीत बसला की त्याला ती उगाच दुसरीकडे ओढतेय असं वाटतं, आणि तो गाडी दुरुस्तीला टाकतो. माझ्या पायाशी माझा वेगळा ब्रेक आहे. तो मला बरीच वर्षं दिसलेला नाही. तो तिथे आहे अशी माझी श्रद्धा आहे, आणि वेळेला तो पावतोही.

एवढ्यावर सगळं चाललं असतं, पण मला दिवसा डुलक्या यायला लागल्या. फोन वाजत असताना यायच्या, केस कापून घेताना यायच्या. (न्हावी म्हणाला, तुमच्यासारखं मान न हलवणारं गिऱ्हाईक नाही. मी ते कौतुक समजून घरी येऊन हिला सांगितलं. ही हसली नाही, तेव्हाच मी समजायला हवं होतं.)

माझ्याकडे एक निवृत्त मुख्याध्यापिका शिकायला येतात. नवऱ्याच्या माघारी त्यांची गाडी अंगणात नुसती उभी आहे, ती आपण चालवावी असं त्यांनी मनावर घेतलं. कडक बाई आहेत. सूचना दिली की ‘पुन्हा सांगा’ म्हणत नाहीत आणि सूचनेशिवाय काही करत नाहीत. त्या दुपारी बाजार मागे पडल्यावर मी त्यांना म्हणालो, आता सरळ चला. त्यानंतरचं मला काही आठवत नाही.

जाग आली तेव्हा गाडीचं इंजिन बंद होतं आणि तरीही आम्ही पुढे सरकत होतो. दोन्ही बाजूंना पाणी होतं. आवाज असा नव्हताच. ताई, तुझ्याशी खोटं कशाला बोलू, मला वाटलं, आटोपलं. वैतरणी म्हणतात ती हीच. शेजारी कोण बसलंय ते बघायची हिंमत होईना. तेवढ्यात एका माणसानं काचेवर टकटक करून तिकिटाचे पैसे मागितले, आणि तिकडेही तिकीट लागतं म्हणजे कमाल झाली, असं म्हणून मी खिशात हात घातला. मग हळूहळू उजेड पडला. बाजारापासूनचा रस्ता सरळ जातो तो नदीवर संपतो आणि तिथून गाड्या नेणारी मोठी बोट सुटते. बाई सरळ गेल्या होत्या. रांगेत उभ्या राहिल्या होत्या, फळीवरून गाडी बोटीत चढवली होती (जे मी माझ्या मुरलेल्या विद्यार्थ्यांनाही करू देत नाही), आणि दुधाचा टँकर आणि बस यांच्यामध्ये ओरखडाही न काढता गाडी लावून, हात स्टिअरिंगवर ठेवून पुढच्या सूचनेची वाट बघत बसल्या होत्या.

मी माफी मागायला लागलो. त्यांनी मला थांबवलं.

“तुम्ही सरळ म्हणालात, वळा म्हणाला नाहीत,” त्या म्हणाल्या. “मधे मधे तुमचा श्वास थांबत होता. थांबला की मी गाडी हळू करत होते. आमच्या ह्यांचंही असंच व्हायचं. आम्ही त्याला घोरणं म्हणायचो.”

एवढं बोलून त्यांनी आरसा नीट केला आणि पलीकडचा किनारा येईपर्यंत आम्ही दोघंही पाण्याकडे बघत बसलो. परतीच्या वाटेवर मी टक्क जागा होतो.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि आधी माझं शिकवणं बंद केलं. बरोबरच आहे, ताई. मी बुडालो असतो तर माझ्या वजनानं बुडालो असतो, पण त्या बाईंचा काय दोष? आता मी शाळेच्या कचेरीत बसून फोन घेतो. मग मला अंगभर वायरी चिकटवून एक रात्र दवाखान्यात झोपवलं आणि सकाळी सांगितलं की झोपेत माझा घसा मिटतो, उघडतो, पुन्हा मिटतो, आणि मला त्याचा पत्ताच नसतो. घसा उघडा राहावा म्हणून नाकावर लावायचा एक हवेचा मुखवटा दिला. तो लावला की मी विमान चालवायला निघाल्यासारखा दिसतो. वाईट इतकंच की झोपेत मी तो स्वतःच उपटतो. त्यात रक्तातली साखर वाढलेली, रक्तदाब चढलेला, गुडघे तुझ्या वळणावर गेलेले. म्हणून त्यांनी मला पोटाच्या सर्जनकडे पाठवलं.

हे सर्जन इतके सडपातळ आहेत की त्यांनी आधी स्वतःवर सराव केला असावा असं वाटतं. त्यांनी कागदावर पोट काढून दाखवलं. (ते मोज्यासारखं दिसत होतं.) त्यातलं बरंचसं काढून टाकायचं आणि उरेल ते केळ्याएवढं ठेवायचं, असा बेत आहे. मी विचारलं, केळं कुठल्या जातीचं? ते हसले नाहीत, मध्यम, म्हणाले. मग खुर्ची पुढे ओढून त्यांनी नीट सांगितलं. ही जादू नाही. शस्त्रक्रियेत धोका असतो, कमी असला तरी असतो. नंतर जन्मभर थोडं थोडं खायचं, गोळ्या घ्यायच्या, तपासण्या करायच्या. काढलेलं पोट परत बसवता येत नाही. घसा, साखर, गुडघे यांत बहुतेकांना फरक पडतो, पण वचन देता येत नाही. घाई करू नका, घरी बोला, म्हणाले. मला माणूस आवडला. कापायला उत्सुक असलेल्या माणसाकडून मी कापून घेतलं नसतं.

घरी बोला म्हणाले, पण बोलले ते घराबाहेरचे. टायरवाला म्हणाला, बिलकूल करू नका. (त्याचा धंदा आहे.) खालच्या मजल्यावरच्या शिंप्यानं करा म्हणून सांगितलं, त्याचाही आहे. शेजारी म्हणाला, मनाचा निग्रह हवा, बस्स. असं म्हणणाऱ्या माणसाचं वजन कधीच वाढलेलं नसतं हे मी पाहून ठेवलंय. निग्रहाचं म्हणशील तर मी आजवर जितकं वजन कमी केलंय ते एकत्र केलं तर त्यातून एक अख्खा माणूस उभा राहील. पण तो दरवेळी घरी परत येतो आणि येताना पाहुणेही घेऊन येतो.

दवाखान्यात, ज्यांचं ऑपरेशन झालंय अशा लोकांशी भेट घालून देतात. तिथल्या खुर्च्यांना हात नव्हते, ते पाहूनच मला गहिवरून आलं. एक पोस्टमन होता, जिने चढून वर गेल्यावर आता लोकांशी बोलायलाही श्वास उरतो म्हणाला. मग एका शाळेत स्वयंपाक करणारी बाई बोलली. तिची तब्येत छान सुधारली होती. पण पहिले काही महिने रडायला यायचं, म्हणाली. भूकच लागायची नाही, तर संध्याकाळी करायचं काय, ते कळायचं नाही.

ताई, माझं घोडं इथेच अडलं. सुईला मी भितो, पण ते चालतं. मला भीती वाटली ती संध्याकाळची. तुला माहीत आहे, आमच्या पोटी काही झालं नाही, म्हणून आम्ही पोटंच वाढवली. लग्न झाल्यापासून ही चष्म्याच्या दुकानातून सुटते, मी शाळेतून सुटतो, आणि बस-थांब्यासमोरच्या बाकावर बसून आम्ही कागदातले तळलेले बटाटे खातो. घरी जाऊन जेवतो ते वेगळं. त्या बाकावर आम्ही सगळं बोललो आहोत. डॉक्टरांनी मूल होणार नाही म्हणून सांगितलं त्या दिवशीही तिथेच बसलो होतो, आणि हिनं कागद माझ्याकडे सरकवला होता. आता मी तिथे केळ्याएवढं पोट घेऊन बसलो तर ही एकटी खाणार का? आणि हिनं खाणंच सोडलं तर?

हिला विचारावं तर ही गप्प. करा नाही, करू नका नाही. “तुम्ही ठरवा,” एवढंच. मला वाटलं रागावलीय. मग एक दिवस माझ्या चष्म्याची काडी सैल झाली म्हणून हिच्या दुकानात गेलो, तर मालकानं मला बाजूला घेतलं. घरी काही आजारपण आहे का, विचारलं. म्हणाला, बाईंना हल्ली दुकानात झोप लागते. परवा एका गिऱ्हाइकाला भिंतीवरची अक्षरं वाचायला लावून त्या तिथेच डुलकी घेत्या झाल्या. गिऱ्हाईक भलं होतं, त्यानं तक्ता वाचून संपवला आणि पुन्हा वरून सुरुवात केली.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मुखवटा मी रोज उपटतो, आणि सकाळी तो माझ्या नाकावर असतो. तो परत लावणारं घरात दुसरं कोण आहे? एकाच घशापायी दोन माणसं दिवसा झोपत होती, आणि त्यातल्या एकानं तक्रारही केलेली नव्हती.

त्या संध्याकाळी बाकावर मी हिला स्पष्टच विचारलं. हिनं कागदाची घडी घातली. मग म्हणाली, “मी करा म्हटलं आणि तुम्हाला काही झालं, तर मी कोणाच्या तोंडाकडे बघू? नको म्हटलं आणि काही झालं, तरी तेच. तुम्ही माझं सगळं ऐकता हो. म्हणून मी बोलत नाही.”

मी म्हणालो, आणि झालं सगळं नीट, तर मग संध्याकाळी काय करायचं?

“बसू,” ही म्हणाली. “नुसतं बसू.”

एक बस गेली, दुसरी बस गेली, आम्ही कुठल्याच बसमध्ये चढलो नाही. मी विचार करतो म्हणालो.

तर असा सगळा घोळ आहे. तू घरातली मोठी, लहानपणी माझ्या पानात काय वाढायचं ते तूच ठरवायचीस, तेव्हा तुझ्या मताशिवाय पाऊल उचलायचं नाही असं मी ठरवलंय. सावकाश विचार करून कळव. भावोजींना नमस्कार, गुडघ्याला जप.

तुझा,
ढब्बू

ता. क. तुझ्या मताची आता तशी गरज नाही. परवा मी एकटाच सर्जनकडे जाऊन हो म्हणून आलो. येत्या महिन्यातल्या दुसऱ्या शुक्रवारची तारीख दिलीय. कोणी करा म्हटलं म्हणून नाही, माझं मीच ठरवलं, म्हणजे उद्या कमीजास्त झालं तर हिच्या माथी काही नको. मला भीतीबीती अजिबात वाटत नाही.

आणखी एक. हिला मात्र फार भीती वाटतेय, तसं ती स्वतःच म्हणाली. मी आत असताना ही बाहेर एकटीच बसणार. गुडघा परवानगी देत असेल तर चार दिवस येशील का? माझ्यासाठी नको, हिच्यासाठी ये. मुद्दाम पत्र लिहिलं ते एवढ्यासाठीच. बाकीचं आपलं ओघात आलं.

वन्सं, नमस्कार. पत्र पेटीत टाकायला यांनी माझ्याकडे दिलं आणि पाकीट उघडंच होतं, म्हणून वाचलं. तारीख चुकलीय, मी दवाखान्यात फोन करून विचारलं, दुसरा नाही, पहिला शुक्रवार. घाबरल्यामुळे यांना नीट ऐकूच आलेलं नाही. परतताना डॉक्टरांच्या पायपुसण्यावर बूट विसरून आले होते. मला भीती वाटतेय असं मी यांना म्हटलं ते खरंच आहे, पण म्हटलं एवढ्यासाठी की त्याशिवाय यांना तुम्हाला बोलावता आलं नसतं. रोज विचारतात, ताईला एवढ्या लांब कशाला त्रास, आणि रोज तुमच्यासाठी खाट कुठे लावायची ते बघून ठेवतात. आता खिडकीखाली लावलीय. उत्तर लिहीत बसू नका, निघा.