पवळ्याच्या शेंब्या

॥ श्री ॥

हिंगणी, १३ ऑगस्ट १९७८

चि. चंद्रभान यास ताईचे अनेक उत्तम आशीर्वाद वि. वि.

इकडे सर्व खुशाल असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. खुशाल फक्त तूर आणि कपाशी आहे. घरात आमच्या भुऱ्या कुत्र्याने उच्छाद मांडला आहे. वैशाखात कोकिळाचं लग्न झालं, पोरगी पुलगावला गेली, तेव्हापासून हा प्राणी दिसेल ते चावतो. आधी सासूबाईंची एक चप्पल नेली. दुसरी एकटी काय कामाची म्हणून त्यांनी रागाने उकिरड्यावर फेकली, आणि संध्याकाळी पहिली धडधाकट सापडली. मग कासरा झाला, ह्यांच्या सदऱ्याची बाही झाली, आणि परवा पवळ्या बैलाची नवी घुंगरमाळ, चामड्यासकट. दोन वेळ भाकरी-ताक मिळतं, तेव्हा भुकेचं कारण म्हणावं तर तेही नाही. संध्याकाळच्या गाडीला तेवढा उठून थांब्यावर जातो, गाडी गेली की परत येऊन चावायला बसतो. मला तर काहीच उमगत नाही.

ह्यांनी सांगून टाकलं आहे, पोळा झाला की भुऱ्याला बोर धरणाच्या पलीकडे जंगलात सोडून येणार. तिकडे वाघ आहे हे मी त्यांना नव्याने सांगायचं का? कोकिळाने त्याला पिलू असताना ओच्यात घालून आणलं होतं. दिवाळीला ती येईल आणि भुऱ्या कुठे म्हणून विचारेल, तेव्हा मी तिला काय तोंड दाखवू? या विचाराने मला भाकर गोड लागत नाही. तू लहानपणापासून कुत्र्यांत लोळलेला माणूस. काही उपाय असला तर लवकर कळव.

आणि बैलांचे गोंडे विसरू नको. मामाच्या गोंड्यांशिवाय आमची जोडी पोळ्यात पाय ठेवत नाही, असं हे दरवर्षी गावभर सांगतात. मंदाला आशीर्वाद. माया आहे तेवढी राहू दे. जास्त पाठवलीस तर परत करणार नाही.

तुझी ताई,
भागीरथा


आर्वी, ३० ऑगस्ट १९७८

ती. सौ. ताईस चंद्रभानचा शि. सा. नमस्कार वि. वि.

पत्र पावलं. डबल ड्युटीमुळे उत्तराला उशीर झाला, राग नसावा. मंदाला वाचून दाखवलं तर चपलेपाशी ती इतकी हसली की चुलीवरचं दूध उतू गेलं, आणि त्याचाही दोष तिने भुऱ्यालाच दिला.

ताई, भुऱ्या वाईट नाही, रिकामा आहे. त्याचा सगळा दिवस कोकिळाच्या मागेमागे जायचा. आता जबड्याला काम नाही आणि जिवालाही नाही. आमच्या डेपोच्या वर्कशॉपात एक कुत्री आहे, ती टायर कुरतडायची. बसच्या चाकांवरच्या स्प्रिंगच्या पाट्यांपाशी दणका सोसायला जाड रबर असतं, आतून पोकळ, एका बाजूने निमुळतं. झिजलं की भंगारात जातं. एकदा कुत्रीने तेच उचललं, तेव्हा मी गमतीने त्याच्या पोकळीत डब्यातली भाकरी कोंबली. दुपारभर ती जागची हलली नाही. चाटायची, आपटायची, उलटं करायची, पुन्हा चाटायची. तेव्हापासून टायर सुटले.

फोरमनसाहेबांना विचारून तशी दोन रबरं घेतली आणि सोड्याच्या पाण्यात उकळून घासली. नमुना कळावा म्हणून दोन्ही भरूनच देतो आहे, आत ज्वारीच्या घट्ट कण्या आणि शेंगदाण्याचा कूट आहे. उद्या पुंडलिकराव कंडक्टरच्या हाती पाठवतो. ती थेट भुऱ्यापुढे टाक. गोंड्यांसाठी यंदा बाजारात जायला सवड झाली नाही, भाऊजींना माझ्या वतीने समजाव. हे पत्र आजच पोस्टात टाकतो.

तुझा धाकटा, अजून तुझ्याच धाकातला,
चंद्रभान


हिंगणी, ४ सप्टेंबर १९७८

चि. चंद्रभान यास आशीर्वाद.

तू पाठवलंस ते काय आहे हे आधी सांग, कारण इथे कोणालाच समजलेलं नाही.

पोळ्याच्या आदल्या दिवशी पुंडलिकरावांनी थांब्यावर ह्यांच्या हातात पुडकं दिलं. मामाचं पुडकं आणि पोळ्याची वेळ, तेव्हा गोंडेच असणार म्हणून घाईने सोडलं, तर आत दोन काळी रबरी टोपणं. चिठ्ठी नाही, चपाटी नाही. आत काहीतरी घट्ट थापलेलं. मी म्हटलं, बसचा एखादा भाग चुकून इकडे आला. सासूबाईंना ती दिव्याची बैठक वाटली. हे मात्र बराच वेळ फिरवून पाहत होते ते एकदम खूष झाले. म्हणाले, या शेंब्या आहेत. बैलाच्या शिंगांच्या टोकावरून पितळी शेंब्या निसटतात, म्हणून साळ्याने डेपोत रबरी काढल्या आणि बसवायला आत लुकणही भरून दिलं. काय डोकं आहे म्हणे साळ्याचं! आणि खरं सांगते, पवळ्याच्या शिंगांवर त्या अशा चपखल बसल्या की मलाही पटलं. सासूबाईंनी वरून लाल रंग दिला, बेगड चिकटवली.

पोळ्यात पवळ्याची वाहवा झाली. कवडू पाटलांनी या कुठे मिळतात म्हणून विचारलं, तर आर्वीला ऑर्डर द्यावी लागते असं ह्यांनी ऐटीत सांगितलं. तोरणाखाली एकापुढे एक झडत्या गायल्या जात होत्या. मी पूजेचं ताट घेऊन पुढे झाले, पवळ्याने मान खाली घातली, आणि भुऱ्या कुठून आला कोण जाणे, थेट शिंगालाच लोंबकळला! पवळ्या तोरण गळ्यात घेऊन उधळला. यंदाचा पोळा तोरण तोडून फोडायच्या आधीच फुटला. पाटलांची झूल चिखलात, ताटातलं कुंकू माझ्या डोक्यावर, आणि भुऱ्या शेंबी तोंडात धरून मारुतीच्या पारामागे. कोणाला लागलं नाही ही देवाची कृपा.

पण भुऱ्या पिसाळला असं गावात झालं आहे. पिसाळलेलं कुत्रं शेपटी हलवत रबर चाटत बसतं का? ऐकतो कोण माझं.  येत्या सोमवारी भुऱ्याला धरणाकडे नेणार हे पक्कं झालं आहे. गोठ्यात बांधलाय, मला पाहून शेपटी आपटतो, आणि मी तोंड फिरवून रडते.

तू शहाणा म्हणून तुला विचारलं होतं रे. हे काय करून बसलास?

ताई


आर्वी, ७ सप्टेंबर १९७८

ती. सौ. ताईस सा. न.

पत्र वाचून हसू की रडू समजेना, म्हणून आधी माझं मागचं पत्र कुठे गेलं ते शोधायला लागलो. मंदाने माझा खाकी शर्ट भिजवायला घेतला, तर ते खिशातच! सोबत पाठवतो आहे. एक कोपरा भिजलाय, पण वाचता येईल. ते वाच म्हणजे कळेल की त्या शेंब्या नव्हत्या आणि आत होतं ते लुकण नव्हतं. भुऱ्याने आपलीच वस्तू ओळखली, एवढाच त्याचा गुन्हा. सगळ्या हिंगणीत ती फक्त त्यालाच समजली.

आता नीट ऐक. रबरावरचा रंग आणि बेगड खरडून काढ, कण राहू देऊ नको, पोटात जायला नको. कण्या ताकात घट्ट शिजव, मीठ-तिखट नको, कांदा तर मुळीच नको. त्यात उकडलेलं कोहळं आणि थोडा कूट मळ. गूळ घालू नको, दातांना वाईट आणि सवय लागते. अंगठ्याने दाबून भर आणि तोंडाशी वाळक्या भाकरीचा तुकडा ठोक. ओलं फडकं गुंडाळून माठाजवळ ठेवलंस की कण्या थिजून घट्ट होतात, मग पुष्कळ वेळ पुरतात. पहिल्यांदा मात्र सैल भर, नाहीतर तो कंटाळेल.

भाऊजींचे पाय धरून माफी मागितली असं सांग. सोमवार पुढे ढकलता आला तर पाहा. माझ्या वेंधळेपणाची शिक्षा त्या मुक्या जिवाला नको.

कान पकडून उभा असलेला,
चंद्रभान


हिंगणी, १३ सप्टेंबर १९७८

चि. चंद्रभान यास आशीर्वाद.

सोमवारी सकाळीच तुझं पत्र आलं. ह्यांना वाचून दाखवलं. पाटलांना आता काय सांगू, एवढंच म्हणाले आणि दोर घेऊन उठले. मी घाईघाईने रंग खरडला, धुतलं, कण्या भरल्या. सैल भर असं तू लिहिलंस खरं, पण माझ्या हाताला भरल्या वांग्यांची सवय, दाबून-दाबूनच भरलं. तोंडाशी भाकरी ठोकली. शेवटचं खाणं तरी पोटभर खाऊ दे, अशा मनाने ह्यांच्या पिशवीत टाकलं. त्यांनी पाहिलं, पण काढलं नाही.

दिवे लागले तेव्हा मी ओसरीवर बसले होते. चप्पल सासूबाईंचीच गेली होती, पण डोळे त्याही पुसत होत्या. आणि पाहते तर हे येताहेत, मागे भुऱ्या, दोर ह्यांच्या खांद्यावर आणि रबर भुऱ्याच्या तोंडात!

विचारलं तर म्हणाले, धरणापाशी दोर सोडला, रबर पुढे टाकलं. वाटलं, हा खाण्यात गुंतला की निघून यावं. पण जेवणाऱ्याला तसं सोडून उठणं बरं दिसेना, संपू दे म्हणून जवळच बसले. तर ते संपेचना. ऊन उतरलं तरी संपेना. मग परत आले. एवढंच. पुढे काही विचारलं की बैलांकडे जातात.

तुझ्या कण्यांनी भुऱ्याचा जीव वाचला की माझ्या दाबून भरण्याने, हे तूच ठरव. आता रोज दुपारी मी रबर भरते. पूर्वी त्याच वेळेला कोकिळासाठी फोडणीचा भात काढून ठेवायची, हे परवा भरताना ध्यानात आलं आणि हात थांबला. काल तर गंमतच झाली. भरायला गेले तर दोन्ही रबरं आधीच भरलेली, माझ्यापेक्षा नीट. सासूबाईंना विचारलं, त्या नाही म्हणाल्या. ह्यांना विचारलं, तर मला काय धंदे नाहीत का म्हणून माझ्यावरच डाफरले. मग भरली कोणी? मला तर या घरातलं काहीच समजेनासं झालंय.

खिसे तपासून पत्र टाकत जा.

ताई


हिंगणी, ६ नोव्हेंबर १९७८

रा. रा. चंद्रभानजी यांस रूपरावचा रामराम वि. वि.

मी पत्र लिहित नाई हे तुमाले ठाऊक आहे. तुमची बहीण लिहिते. पण हे तिच्या हातून लिहवता येत नाई, म्हणून बसलो. बोलतो तसंच लिहून राह्यलो, हसू नोका.

भाऊबीजेले तुमाले सुट्टी भेटली नाई, कोकिळा आलती. गाडीतून उतरली तं भुऱ्या तोंडात रबर धरून उभा. तिच्या पायापाशी ठेवलं. पोरगी तिथंच फतकल मारून बसली, हसे आन् रडे, मले समजे नाई का काय करून राह्यली. काल ते परत गेली. मले भेव होतं, भुऱ्या गाडीमागं धावते. पण गाडी निंघेपर्यंत उभा राह्यला, मंग घरी आला आन् भरलेलं रबर घेऊन बसला.

आता खरं सांगतो. चप्पल, कासरा, घुंगरमाळ, याच्यापायी मी त्याले जंगलात नेलं नव्हतं. पोरगी गेल्यापासून तो रोज संध्याकाळच्या गाडीले थांब्यावर जाये. लोक उतरत, तो एकेकाचं तोंड पाहे, मंग एकटा परत ये. मी वावरातून येताना रोज ते पाहो. मले ते पाहवे नाई. कुत्रा नजरेआड झाला म्हणजे ते सरते, असं वाटलं. त्या सोमवारी धरणापाशी लांबून गाडीचा हॉर्न ऐकू आला. भुऱ्यानं कानबी हालवला नाई, रबरच चाटत राह्यला. कानं टवकारले ते मीच. तवा दोर उचलला आन् त्याले घेऊन घरी आलो. हे तुमच्या बहिणीले सांगू नोका.

भुऱ्याचं जमलं. पण कालपासून मले घरात बसवत नाई. सकाळीच दोन्ही रबरं भरून ठेवली, आता संध्याकाळपर्यंत काय करू? भंगारात तिसरं असन तं पुंडलिकरावच्या हाती धाडा. भुऱ्याले दोन पुरतात. तिसरं मले पाह्यजे. गाडीच्या वेळेले हाताले काही काम पाह्यजे.

पुढच्या पोळ्याले गोंडे विसरजा नोका, बाकी तुमचा जीव आमच्यावर आहेच.

तुमचा,
रूपराव