निवाऱ्यात कुणी ताटकळत नाही

२ ऑगस्ट, सकाळी ८
आजपासून रोजनिशी. कुणाला दाखवायची नाही, त्यामुळे खरं तेवढंच लिहायचं. संकल्प पहिला: पहाटे पाचला उठणे. (आज आठला उठलो, पण संकल्पच आठला सुचला.)
सलग तीन टर्म आमदार. निवडणूक तोंडावर आलीय. चौथ्यांदा निवडून आलो की मंत्रिपद कुठे जात नाही. सभागृहात अजून भाषण केलेलं नाही हे खरं. पण बाक वाजवण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

३ ऑगस्ट
पाचचा गजर झाला. बंद केला. आमदाराने गजराच्या तालावर नाचू नये.
गॅलरीत चहा घेत समोरचा प्रवासी निवारा बघत बसलो. माझ्या निधीतून, माझ्या घरासमोर, माझ्या नावाचा. आधी वळणावर बांधणार होते, पण तिथे झाड आडवं येऊन नाव दिसलं नसतं. बांधकाम मेव्हण्याचं, तरीही उभा आहे.
पंधरा वर्षांत त्या निवाऱ्यात एक माणूस ताटकळत बसलेला पाहिला नाही. काय चोख बससेवा असेल! बस सुसाट येते, सुसाट जाते. खिडकीतून लोक हात करतात. मीही गॅलरीतून करतो.
सौ. शाळेत शिकवायला जाते ती निवारा ओलांडून पार वळणापर्यंत चालत जाते. गुडघे दुखतात म्हणून रोज कुरकुर, पण चालणं चुकवत नाही. व्यायामाचं वेड हे असं.

६ ऑगस्ट
दवाखान्यातल्या नर्सबाई आल्या होत्या. यांचं तुणतुणं एकच. म्हणे बस थांबते वळणावर आणि निवारा इथे. पेशंट, म्हातारी माणसं, लेकुरवाळ्या बाया उन्हात उभ्या राहतात. निवारा तिकडे हलवा, नाहीतर बस इकडे थांबवा.
बाईंचा गैरसमज आहे. निवारा आहे तिथे बस थांबणारच. मी बसने जात नाही, पण एवढं तत्त्व मलाही कळतं. तरी मोठ्या मनाने म्हटलं, बघतो. त्या म्हणाल्या, तीन निवडणुका झाल्या, बघताच आहात, आता डोळे तपासून घ्या. तब्येतीची किती काळजी!
पीएला नोंद करायला सांगितलं. तो म्हणाला, आहे साहेब, दरवेळी करतो. कामाचा माणूस.

१४ ऑगस्ट
तिकीट मिळालं! आमच्या पक्षात माझ्या जागेसाठी दुसरा कुणी इच्छुकच नव्हता. काय हा दरारा! अध्यक्ष फोनवर म्हणाले, या वेळी तुम्हीच लढा, नव्या माणसाचं कशाला वाटोळं करायचं. एवढा विश्वास मिळायला भाग्य लागतं.
विरोधात कोण, तर नर्सबाई. अपक्ष. चिन्ह म्हणे छत्री मागणार. मी आणि मेव्हणा इतके हसलो की त्याला ठसका लागला. शेवटी पाठीत दणके घालायलाही नर्सबाईंनाच बोलवावं लागलं. त्यांनी जोरात घातले.

१८ ऑगस्ट
संकल्प: उद्यापासून दारोदार प्रचार. पायी.

१९ ऑगस्ट
पायात गोळा आला. प्रचार रद्द. तसंही, कामं बोलतात तिथे माणसाने कशाला बोलावं? पहिल्यांदा निवडून आल्यावर निवारा बांधला, दुसऱ्या निवडणुकीला रंगवला, तिसऱ्या वेळी फरशी घातली. या वेळी पंखा! मेव्हण्याला ऑर्डर दिली.

२६ ऑगस्ट
निवाऱ्याचं चौथं उद्घाटन. फीत कापली. पंख्याला वीज नाही हे मेव्हण्याने फीत कापल्यावर सांगितलं. पण तो वाऱ्याने फिरतो. विजेची तेवढीच बचत.
हजर: पीए, ड्रायव्हर, मेव्हणा आणि एक कुत्रा. आई खुर्ची घेऊन आली, पंखा पाहिला आणि म्हणाली, मेल्या, एकच पोर किती वेळा जन्माला घालशील? टाळ्या मात्र तिनेच वाजवल्या.
गर्दी होती, पण ती वळणावर. माझ्याबद्दलच्या आदरामुळे लोक अंतर राखून होते. नर्सबाई एका म्हातारबाबांच्या डोक्यावर छत्री धरून उभ्या होत्या. प्रचाराची काय ही तऱ्हा! भाषण नाही, घोषणा नाही, नुसती छत्री.

१ सप्टेंबर
घात झाला. आचारसंहिता लागली. निवडणूक अधिकारी आले आणि निवाऱ्यावरचं माझं नाव कापडाने झाकून गेले. म्हणे मतदारांवर प्रभाव पडतो. मग प्रभाव पडावा म्हणूनच तर लिहिलंय ना!
दुपारभर संतापलो. चार वाजता युक्ती सुचली. नाव झाकलंत, मला कोण झाकणार? उद्यापासून मीच निवाऱ्यात बसणार. वाट बघणाऱ्या प्रत्येक प्रवाशाशी बोलणार.

२ सप्टेंबर
सकाळपासून बसलो. एकही प्रवासी आला नाही. म्हणजे सगळ्यांचं मत आधीच पक्कं झालंय.
दुपारी अधिकारी. म्हणाले, साहेब, तुमच्याच निवाऱ्यात तुम्ही हात जोडून बसलात तर तुम्हीही जाहिरातीत मोडता. एकतर उठा, नाहीतर झाकून घ्या. मी नियम पाळणारा माणूस. पीएला चादर आणायला पाठवलं.

३ सप्टेंबर
चादरीत बसलो. आत उकडतं. वर पंखा, पण आज वारा पडलेला.
दोन बाया थांबल्या. एक दुसरीला विचारत होती की पुतळा कधी उघडणार. चादरीत अंगावर रोमांच आले. पुतळा! जिवंतपणी! तेवढ्यात दुसरी म्हणाली, कुणाचा आहे कोण जाणे, पण बसलेला आहे म्हणजे आमदाराचाच असणार.

९ सप्टेंबर
शिंका. चादर बंद. सौ.ला म्हटलं, जरा माझा प्रचार कर. ती म्हणाली, वळणावर अर्धा अर्धा तास उभी असते, तेव्हा सगळ्यांशी तुमच्याबद्दलच बोलणं होतं. मला भरून आलं.
संध्याकाळी गाडीतून जाताना पाहिलं तर सौ. नर्सबाईंच्या छत्रीखाली, दोघी खळखळून हसताहेत. हुशार बाई. शत्रूच्या गोटात शिरून माहिती काढतेय.

२० सप्टेंबर
मतदान. आईला धरून नेलं, सौ. आपली आपण गेली. बोटाची शाई दाखवून फोटो काढला.
कोणतं खातं मागावं यावर विचार केला. परिवहन. निवाऱ्याचा अनुभव दुसऱ्या कुणाकडे आहे? शपथविधीसाठी शिंप्याला माप दिलं. त्याने विचारलं, साहेब, घाई नाही ना? म्हटलं, आहे. तो म्हणाला, निकालानंतर कापड कापतो. कलाकार माणसं लहरी असतात.

२३ सप्टेंबर
सकाळी ९: मतमोजणी सुरू. पिछाडीवर. माझे मतदार माझ्यासारखेच, उशिरा उठणारे.
११: अजून पिछाडीवर. उठले असतील, दात घासत असतील.
दुपारी २: उठलेच नाहीत.
नर्सबाई आमदार झाल्या. आमच्या स्वतःच्या बूथवर मला दोन मतं. एक माझं. दुसरं कुणाचं? सौ.ला विचारलं. ती म्हणाली, माझ्या गुडघ्यांना विचारा. आईला विचारलं. ती म्हणाली, मला कुठे दिसतं रे, पण तुझंच दाबलं असेल, छत्रीच ना तुझी?
मग ते दुसरं मत कुणाचं? पीए म्हणतो त्याचं. ड्रायव्हर म्हणतो त्याचं. मेव्हणा म्हणतो त्याचं. तिघे आणि मत एक.
न्हाणीघरात जाऊन रडलो. नळ सोडून ठेवला होता. नंतर सौ.ने टॉवेल आणून दिला.

२६ सप्टेंबर, निवाऱ्यातून
गाडी पक्षाची होती, पक्षाने नेली. ड्रायव्हर गाडीबरोबर गेला. राजधानीत जाऊन आमदार निवासातली खोली रिकामी करायची आहे. बॅग घेऊन निघालो. सौ. म्हणाली, वळणावर चला माझ्याबरोबर. मी हसलो. घरासमोर माझ्या नावाचा निवारा असताना? नावावरचं कापड मात्र अजून तसंच आहे. काढायला कुणी आलं नाही.
पहिली बस आली. मी हात केला. ड्रायव्हरनेही हात केला. बस गेली.
दुसरी आली. उभं राहून दोन्ही हात केले. अख्ख्या बसने हात केले. मागच्या खिडकीत सौ. होती, तिनेही केला. शेजारी नर्सबाई. आमदार झाल्या तरी बसनेच. त्यांनी छत्री हलवली.
तिसरीची वाट बघतोय. ऊन थेट तोंडावर येतं, पंखा ढिम्म हलत नाही आणि मेव्हण्याने बाक असा बांधलाय की कंबर धरते. पंधरा वर्षांत पहिल्यांदाच या निवाऱ्यात एक माणूस ताटकळतो आहे आणि कुणाला त्याचं काही नाही.
हे खपवून घ्यायचं नाही. संकल्प: उद्या पहाटे पाचला उठून नव्या आमदारांना अर्ज द्यायचा. बस इथे थांबवा, नाहीतर निवारा वळणावर हलवा.