दांड्यात पाचर नव्हती, दादा

दादा,

वर 'प्रिय' लिहिलं होतं, ते खोडलं. तुम्हाला जाऊन वर्ष झालं, तरी मला अजून तुमचा रागच येतो. आज तर इतका आला की परीक्षेचे पेपर तपासायचे सोडून हे लिहायला बसले. वडलांना असं पत्र लिहू नये, हे मलाही कळतं. पण तुम्ही तरी कुठं शहाण्यासारखे वागलात?

सांगते काय झालं. आज सकाळी येडशीहून गावी आले. आई परसात शेळ्यांना पाला टाकत होती. भिंतीला लागून पाण्याची बादली, आणि बादलीत तुमची कुऱ्हाड. पातं खाली, दांडा वर. मी विचारलं, "हे काय आहे?"

"ढिली झालीय गं. भिजली म्हंजे दांडा फुगतोय, मग बसती घट्ट. तुझे दादा न्हाय का रोज घालायचे?"

घालायचे ना! म्हणूनच मेले!

मी हे तिच्या तोंडावर बोलले. तिनं फक्त पाल्याची पेंडी खाली ठेवली.

दादा, सगळ्या गावाला कुऱ्हाड निवडून देणारा माणूस होतात तुम्ही. वाशीच्या आठवडी बाजाराला निघालं की कोणीतरी वाटेत अडवायचंच, "भीमाण्णा, आमची बी एक बघा की." मी पिशवी घेऊन मागं असायचे. दुकानदार तुम्हाला बघून कपाळाला आठ्या घालायचा, कारण तुम्ही दहा कुऱ्हाडी खाली काढायला लावून अकरावी मागायचात. एकदा तो वैतागून म्हणाला, "अण्णा, पोरगी बघायला आलाव का कुऱ्हाड?" तुम्ही म्हणालात, "पोरगी नापसंत पडली तर तोंडानं सांगती. ही पायावर पडती."

पायावर पडती! स्वतःच्या तोंडानं म्हणालात ना?

तुम्ही आधी धार बघत नव्हता. "धार कुणीबी लावतंय, तू नेढं बघ," म्हणायचात. दांडा बसवायचं ते भोक आभाळाकडं धरून त्यातून एक डोळा मिटून बघायचात. भोक तिरकं असेल तर पातंही तिरकंच बसणार. मग दोरीला टांगून खड्यानं वाजवायचात. खणखणीत वाजली तर ठीक, भद्द आवाज आला तर आत चीर आहे. मग खिशातली कानस धारेवर हळूच ओढायचात. कानस नुसतीच घसरली तर लोखंड फार कडक, तुकडा उडणार. कानशीनं खाल्लं तर मऊ, धार मुडपणार. "वाईच धरून सुटली पायजे," म्हणायचात. रंगवलेला दांडा तर तुम्ही हातातसुद्धा घेत नव्हता, रंगाखाली गाठ लपते म्हणून.

हे सगळं मला पाठ आहे. तुम्ही मला बसवून कधी शिकवलं नाहीत, पोरीला कुऱ्हाड कशाला, म्हणून. मी पिशवी धरून ऐकलं.

आणि ते कामाला आलं, हे तुम्हाला सांगायचं राहिलं. जानेवारीत शाळेच्या मुलींचं शिबिर घेतलं. चूल मांडायची, झोपडं उभं करायचं, लाकडाचा चमचा कोरायचा, रानात आपलं आपण भागवायचं. रामलिंगचं रान अभयारण्य, तिथं कुऱ्हाड न्यायला बंदी आहे, आणि असायलाच हवी, म्हणून आपल्याच माळावर घेतलं. हत्यारं आणायचं ठरलं तेव्हा आमच्या एका सरांनी मोबाईलवर चित्र दाखवलं. काळा चाकू, पाठीवर करवतीचे दात, आणि मुठीत होकायंत्र! "मॅडम, याच्यात सगळं आलं," म्हणाले. मी म्हणाले, "सर, मुठीत होकायंत्र मावतंय म्हणजे मूठ पोकळ आहे. मग पातं कशाच्या आधारानं उभं राहणार?" सरांनी मोबाईल खिशात घातला. आणि मला तिथं स्टाफरूममध्ये तुमचा असा राग आला म्हणून सांगू! बोलले मी, पण शब्द तुमचे होते. ते ऐकायला तुम्ही हवे होतात.

शेवटी येडशीच्या रस्त्याला घिसाड्याचं पाल पडलं होतं, तिथं गेले. नवरा सांडशीनं तापलेलं लोखंड धरत होता, बायको घण घालत होती. मी बारा कुऱ्हाडी वाजवल्या. सहा घेतल्या, सगळ्या लहान. हात लांब करून दहा मोजेपर्यंत ज्या मुलीचं मनगट थरथरणार नाही, तिला ती पेलली, असा हिशेब मी माझ्या मनानं बसवला. तुमचा नव्हे तो, माझा. सुऱ्या घेतल्या त्या चार बोटं पात्याच्या, एकाच बाजूला धार, पाठ जाड, आणि पातं मुठीतून पार शेवटापर्यंत गेलेलं, रिबिटींचे खिळे दिसणारं. घिसाडीण माझ्याकडं बघत होती. म्हणाली, "बाई, कुणी शिकवलं ह्ये?"

"वडलांनी."

"लई चिकट मानूस आसंल."

"होता."

मग तिनं विचारलं, "पाचर कशाची ठोकू, लाकडाची का लोखंडाची?" मी म्हणाले, "दोन्ही ठोका." ती हसली. मला हसू आलं नाही.

कारण गावभर लोकांना 'पाचर ठोकून घ्या' म्हणून सांगणाऱ्या माणसाच्या कुऱ्हाडीत दांडा घट्ट धरणारी पाचरच नव्हती! का? तर दांडा आजोबांनी तासलेला. धावड्याच्या लाकडाचा, तुमच्या वडलांच्या हातचा. पाचर ठोकली तर जुनं लाकूड चिरेल. बदलायचा तर बापाच्या हाताची वस्तू टाकायची. म्हणून रोज बादलीत बुडवायची, फुगवायची, आणि ऊन चढेपर्यंत काम उरकायचं. दुसऱ्या कुणाची अशी कुऱ्हाड तुम्ही बघितली असती तर त्याला चारचौघांत झाडला असता. तुमची ती मात्र माया, आणि दुसऱ्याचा तो गाढवपणा?

त्या दिवशी काम उरकलं नाही. बांधावरची वाळकी सुबाभूळ तोडत दुपार केलीत. दांडा सुकला, पातं निसटलं आणि नडगीवर बसलं. तुम्ही तंबाखूची चिमूट दाबून फडकं बांधलंत. मला संध्याकाळी फोनवर कळलं. मी पहिलं काय विचारलं, आठवतंय?

"दादा, इंजेक्शन घेतलं का?"

"घेतलं की."

"कुठं?"

"उपकेंद्रात. नर्सबाईनं दिलं. डावा दंड आजून दुखतोय बघ."

डावा दंड दुखतोय! खोटं बोलायचं ते इतकं रंगवून? मी विश्वास ठेवला. आठवड्यानं तुमचा जबडा धरला आणि धाराशिवला नेलं, तेव्हा डॉक्टरांनी तेच विचारलं. मी छातीठोकपणे सांगितलं, "घेतलंय, डाव्या दंडावर." त्यांनी पुन्हा विचारलं तर मी त्यांच्यावर चिडले! माझे वडील खोटं बोलत नाहीत, म्हणाले. आई शेजारी पदर तोंडाला लावून उभी होती.

डॉक्टर मला धनुर्वात म्हणजे काय ते समजावत होते आणि मी दहावीच्या मुलांना तोच धडा शिकवणारी बाई! कोणत्या तोंडानं ऐकायचं मी ते? दवाखान्यातल्या त्या शेवटच्या पाच दिवसांबद्दल मी इथं काही लिहिणार नाही. ते तुम्हाला माहीत आहे आणि मलाही.

तर आज सकाळी मी ती कुऱ्हाड बादलीतून उचलली. आई धावत आली.

"ठेव ती. हात लावू नगंस."

"आई, ही सुटेल. तुझ्या पायावर बसेल."

"बसू दे."

"काय?"

"बसू दे की, बसली तर." आणि तिथंच उंबऱ्यावर खाली बसली. मग हळूच म्हणाली, "मला ठावं हुतं, सुनंदे. त्यांनी इंजेक्शन घेतलंच न्हवतं. मी उपकेंद्रात चला म्हनलं तर वराडले. सुनंदाला सांगशील तर माझी आन हाय, म्हनले. ती शाळा सोडून पळत येईल, म्हनले. मी न्हाय सांगितलं."

दादा! एक वर्ष ही बाई हे पोटात घेऊन फिरते आहे. रोज तुमच्यासारखीच कुऱ्हाड भिजवते, रोज तिच्यानं पाला तोडते, आणि पायावर पडायची वाट बघते. ही तुमच्या शपथेची कमाई! आणि मला त्रास नको म्हणून म्हणे! मी पळत आलेच ना शेवटी? आठवडाभर आधी आले असते तर आज हे पत्र लिहायची वेळ आली असती का?

तिच्यावर रागवायचं मला जमलंच नाही. कुऱ्हाड उचलली आणि अंगणाच्या मधोमध उन्हात टेकवून ठेवली. म्हणाले, "आता दोघी बसू. दुपारपर्यंत हिला कुणी हात लावायचा नाही."

बसलो. मी पेपर काढले, पण वाचले नाहीत. आईनं शेंगा फोडायला घेतल्या. ऊन डोक्यावर आलं, दांडा ओला काळा होता तो हळूहळू पांढरा पडला. दोनच्या सुमाराला आई आपणहून उठली. तिनं कुऱ्हाड उचलली, खांद्यापर्यंतसुद्धा नेली नाही, नुसती जरा हलवली. पातं घसरून मातीत पडलं.

तिनं तो मोकळा दांडा उलटसुलट करून बघितला. "एवढी ढिली हुती व्हय?" म्हणाली. "मला वाटायचं, त्यांचं नशीबच फिरलं त्या दिवशी."

"नशीब नव्हतं आई. पाचर नव्हती."

मग तिनं तुम्हाला अशी एक शिवी दिली, की ती मी इथं लिहू शकत नाही. चाळीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा! आणि दांडा उचलून थेट चुलीत घातला. मी अडवलं नाही. आजोबांचा हात, तुमचा हात, सगळं त्याच्यात होतं, मला माहीत आहे. त्याच्यावर तिनं चहा केला. धावड्याचं लाकूड, चहा होऊन गेला तरी जळतच होतं. चहा पिऊन झाल्यावर ती रडली, आणि मग मीही रडले.

आता तुम्हाला शब्द देते, ऐका. उद्या आईला घेऊन घिसाडणीकडं जाणार, पाल अजून तिथंच आहे. पातं तुमचंच ठेवू, ते चांगलं आहे, ते तुम्हीच निवडलेलं. दांडा नवा घालू, आई स्वतःच्या हाताच्या मापानं निवडेल, आणि पाचर माझ्यासमोर ठोकली जाईल. तोही दांडा एक दिवस खराब होईल. तेव्हा तो कुणाच्या हातचा होता, हे आमच्या घरात कुणी विचारणार नाही. तुमची शपथ मी आजपासून मोडीत काढली आहे, आईला तसं सांगितलंय. तिला उपकेंद्रातही नेणार, आणि सुई टोचताना समोर उभी राहणार.

आणि पुढच्या हिवाळ्यात मुलींच्या हातात कुऱ्हाड देण्याआधी मी त्यांना तुमची गोष्ट सांगणार. नाव घेऊन सांगणार. या भागात कुऱ्हाडीतलं सगळ्यात जास्त कळणारा माणूस ढिल्या कुऱ्हाडीनं गेला, आणि जाताना लेकीशी खोटं बोलला, असं. तुमची अब्रू जाईल, दादा. जाऊ दे. घरी जाऊन एखादी मुलगी आपल्या बापाची बाही वर करून सुईची खूण बघेल, तेवढं मला पुरे.

तुमच्यावर रागावलेली,
तुमचीच,
सुनंदा