ओसरीतली लोखंडी कडी

१२ नोव्हेंबर, बुधवार
दुपारचे साडेतीन

ती. ताईस,

धाकटीचा नमस्कार. भाऊजींची कंबरदुखी आता उतारावर असेल अशी आशा आहे. लेक-जावई येऊन गेले असतील, घर पुन्हा तुझ्या ताब्यात आलं असेल. मी इथे सुखरूप पोचले. मफलर विसरले, एवढं तुझं भाकीत खरं ठरलं.

हातात फोन असताना ही बाई कागद का काळे करते आहे, असं तुला वाटेल. पण फोनवर तू मला कधी वाक्य पुरं करू देतेस? ‘हं, कळलं, पुढे’ असं तुझं सुरू झालं की माझं म्हणणं घशातच राहतं. कागद मध्येच बोलत नाही, म्हणून कागद.

लॉज बरा आहे. जिना इतका अरुंद आहे की मी आणि माझी बॅग एकदम चढू शकलो नाही, पाळी लावावी लागली. खोलीच्या खिडकीतून जुनी बाजारपेठ दिसते. दोनशे वर्षांची आहे म्हणे. बिडाचे खांब, वर पत्र्याचं उंच छप्पर, आणि प्रत्येक वस्तूची वेगळी गल्ली. दोरखंडांच्या गल्लीत नुसतं उभं राहिलं तरी कपड्यांना वास लागतो. कुलपांच्या गल्लीतला म्हातारा दुकानदार मला म्हणाला, “बाई, घ्या की एक. आत ठेवायला काही नसलं तरी कुलूप असावं, लोक मान देतात.” हसून हसून पुरेवाट झाली. मधोमध तोलाचा चौथरा आहे. त्याच्या पायऱ्या मधे खोलगट झाल्या आहेत, इतकी माणसं पोती घेऊन चढली असतील. आईचे वडील ज्या चौथऱ्यावर तराजू धरून उभे राहायचे तो हाच. मी त्यावर हात ठेवला. दगड उन्हाने तापला होता.

तू निघताना बजावलं होतंस, “बाजारपेठ बघ आणि परत ये. गावांत कडमडू नकोस, तिकडे धुळीशिवाय काही नाही.” आणि महिन्याभरात आईला वर्ष होईल, तेव्हा तिच्या फोटोशेजारी लावायला तिच्या पडक्या घराचा फोटो हवा, तो माझ्याकडून परत मागितलास. तो या पत्रासोबत आहे. त्याच्याबद्दल खाली लिहिते.

बाजारात संध्याकाळी कंदील लावतात तेव्हा फार सुंदर दिसतं, असं लॉजवाली सांगत होती. तिच्या दोन मांजरी आहेत, एक बहिरी आहे.

बघ, पुन्हा बाजाराकडेच वळले. सांगायचं ते टाळते आहे.

काल मी गावांत गेले, ताई. लॉजवरून एक गाडी जाते, सहा-सात जण घेऊन. सोबत माहिती सांगणारे मास्तर असतात. शाळेतून निवृत्त झाले, पण वर्ग सुटलेला नाही. गाडीत बसलेल्यांना प्रश्न विचारतात आणि उत्तर चुकलं की छत्री आपटतात. त्यांनी सांगितलं की गोऱ्यांच्या राज्यात बाजाराला लागणारी माणसं त्यांनी धंद्याप्रमाणे वसवली. एका धंद्याचं एक गाव, एका गावात सगळी घरं एकाच नमुन्याची. घर बघून माणसाचं काम ओळखायचं.

मी फोटो पर्समध्ये नेला होता. त्या पडक्या घरापुढे पाच मिनिटं उभं राहायचं आणि आईला मनात म्हणायचं, मी आले बघ, एवढंच माझ्या मनात होतं. गाडी थांबली त्या दुसऱ्या गावातच ते घर दिसलं. उजवीकडे कललेली भिंत, वर अर्धगोल झरोका, दारातली दुभंगलेली पायरी. काही बदललेलं नाही. माझे डोळे भरून आले. मी मास्तरांना म्हणाले, “हे माझ्या आजोबांचं घर.”

“गाडीवान होते का?”

“नाही, तोलार होते. बाजारात तोलायचे.”

मास्तर हसायलाच लागले. “अहो बाई, हे गाडीवानांचं गाव! दार बघा केवढं आहे, बैलगाडी सरळ आत जाईल. तोलाराला एवढं दार कशाला? तराजू आडवा धरून आत शिरायचे का?”

सगळे हसले. मीही हसले, काय करणार. मग ते गंभीरपणे म्हणाले, “तोलारांचं गाव पुढे आहे. त्यांच्या प्रत्येक घराला ओसरीच्या तुळईत लोखंडी कडी असते. सकाळी तराजू कडीला टांगून पारडी सारखी आहेत ना ते बघायचं आणि मगच बाजाराला निघायचं. घरची पोरं ती कडी बघतच मोठी व्हायची.”

मी फोटो परत बघितला. ओसरीच नाही त्याला. तुळई नाही. दार मात्र एवढं मोठं की अर्धा फोटो त्यानेच व्यापला आहे. दीड वर्ष तो माझ्या घरात आहे आणि मी त्यात दार म्हणून काही पाहिलंच नव्हतं.

तोलारांचं गाव तिथून गाडीने दहा मिनिटांवर आहे. आई सांगायची तसं, पाण्याच्या टाकीपासून सातवं. घर उभं आहे, ताई. चुना लावलेलं, खिडक्यांना हिरवा रंग. ओसरीच्या तुळईत कडी आहे आणि तिला कोणीतरी कुंडी टांगली आहे. तिथे एक निवृत्त नर्सबाई एकट्या राहतात. मी आजोबांचा उल्लेख केला मात्र, त्या उठूनच उभ्या राहिल्या.

“तुम्ही धाकट्या का? तुमच्या ताई गेल्या वर्षी येऊन गेल्या की! इथेच बसल्या होत्या. कडीला हात लावला आणि केवढ्या रडल्या.”

मग त्यांनी मला आतली खोली दाखवली. तुला ती माहीत आहे, पण मला लिहू दे. आईला जिना चढवायचा नाही म्हणून खालची खोली रिकामी केलेली. पलंग बुटका. न्हाणीघरात भिंतीला धरायला दांडा ठोकून घेतलेला. त्यांनी तुला म्हटलं होतं, “पंधरा दिवस राहू देत, महिनाभर राहू देत, मी नर्सच आहे.” आणि तू म्हणालीस, पंधरा दिवसांत घेऊन येते.

“पण मग तुमच्या ताईंचा फोन आला,” त्या म्हणाल्या. “आई गेल्या म्हणून. मला फार चुटपुट लागली हो. एप्रिल संपता संपता, नाही का?”

एप्रिल. ताई, एप्रिलमध्ये आई माझ्या स्वयंपाकघरात बसून मटार सोलत होती. मे महिन्यात तुझ्या लेकीच्या लग्नात तिने पहिल्या रांगेत बसून सगळ्यांना नावं ठेवली. ती गेली डिसेंबरात.

घराला सांगितलंस आई गेली, आणि आईला सांगितलंस घर गेलं.

आणि मी काय केलं माहीत आहे? नर्सबाई माझ्याकडे बघत होत्या, आणि मी मान हलवली. “हो, एप्रिलमध्येच,” असं म्हणाले. तुझं खोटं मी विचार न करता उचललं, आयुष्यभर तुझ्या पिशव्या उचलल्या तसं. चहा घेतला, गाडीत बसले, लॉजवर आले आणि बहिऱ्या मांजरीला जवळ घेऊन रडले.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
सकाळ

काल पत्र तिथेच थांबवलं, कारण पुढचं लिहायला हात धजेना. आता लिहिते.

लग्न तोंडावर होतं, हे मला कळतं. आई महिनाभर तिकडे राहिली असती तर कोण जाणार, कोण आणणार, पाहुण्यांना काय सांगणार, हे सगळं तुझ्या डोक्यात आलं असणार. ‘लग्नानंतर नेऊ’ म्हणाली असतीस तर आई थांबली असती. पंचावन्न वर्षं थांबली होती, आणखी दीड महिना थांबणं तिला जड नव्हतं. ते तू का बोलली नाहीस, हे मला कितीही विचार केला तरी कळत नाही. तिथे बसून रडलीस, आणि परतताना गाडी थांबवून दुसऱ्याच्या पडक्या घराचा फोटो काढलास. एकाच दुपारी!

पण माझा वाटा सांगायचा बाकी आहे. आई काय म्हणायची ते तुला आठवतं ना? “थोरली जग सांभाळून बोलते. धाकटीला खोटं बोलता येत नाही.” तू फोटो दाखवलास तेव्हा ती बराच वेळ बघत होती. तू मला बाहेर गॅलरीत नेलंस. “तू नकाशा कचेरीत आहेस,” म्हणालीस, “तुझ्या शब्दाला वजन आहे. सांग तिला, जुन्या नकाशाशी ताडून बघितलं म्हणून. एकदाचा तिच्या जिवाचा घोर मिटेल.” मी आत गेले. आईने फोटो माझ्यापुढे धरला आणि विचारलं, “तू सांग गं. हेच का आपलं घर?”

मी म्हणाले, “हो आई. कचेरीतल्या नकाशाशी ताडून पाहिलं. हेच.”

मी काहीही ताडून पाहिलं नव्हतं. त्या भागाचे जुने नकाशे आमच्या कचेरीत दोन मजले खाली होते. अर्ध्या तासाचं काम. तीस वर्षं मी दुसऱ्यांच्या नकाशातल्या चुका काढल्या आणि त्यावर पगार खाल्ला. गेले नाही, कारण मला हायसं वाटलं होतं, ताई. तिला घेऊन जायची पाळी माझ्यावरच आली असती. रजा, औषधं, प्रवास, रस्त्यात तिची बाथरूम. घर पडलंय म्हटल्यावर डोक्यावरचं ओझं उतरलं. हे मी आजवर स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

आई “बरं” म्हणाली. फोटो उशीखाली ठेवला. पुन्हा कधी गावाचं नाव काढलं नाही.

तोलाराची मुलगी होती ती! कडी बघत वाढलेली. गाडीवानाचं दार तिला दिसलं नसेल? तिने पहिल्याच नजरेत ओळखलं असणार. तू खोटं बोलते आहेस हेही ओळखलं असणार, आणि त्याचं तिला फारसं वाटलं नसेल. पण मग तिने मला विचारलं.

त्यानंतरचे आठ महिने आठवून बघ. रिपोर्ट काय आले हे ती मला विचारत नसे, खालच्या औषधवाल्याला विचारायची. डॉक्टर काय म्हणाले ते शेजारणीकडून काढून घ्यायची. बाहेर पाऊस आहे का, हे मी सांगितलं तरी उठून खिडकीपर्यंत जाऊन बघायची. मला वाटायचं, मी दमते म्हणून मला त्रास देत नाही. कचेरीत कौतुकाने सांगायचे मी, आई किती समजूतदार आहे.

तिचा माझ्यावर विश्वास उरला नव्हता. माझ्याच घरात, माझ्या हातचं जेवून, ती आठ महिने मला खोटारडी समजत राहिली आणि तशीच गेली. आणि ती बरोबर होती. केसाने गळा कापलास माझा, ताई. तो केस मात्र मीच तुझ्या हातात दिला होता, म्हणून ओरडताही येत नाही.

दुपार

पुन्हा त्या घरी आले आहे. एकटी, बसने. नर्सबाई कुंडीला पाणी घालत होत्या. मी ओसरीवर न बसता उभ्यानेच सांगितलं, “आई एप्रिलमध्ये गेली नव्हती. डिसेंबरात गेली. परवा मी खोटं बोलले.”

त्यांनी तांब्या खाली ठेवला. “मग त्या वाट बघत होत्या?”

“नाही. आम्ही तिला सांगितलं होतं की घर पडलं.”

रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी कुंडी काढून खाली ठेवली आणि म्हणाल्या, “बसा. कडी बघा तुमच्या आजोबांची.” कडी आतल्या बाजूने घासून गुळगुळीत झाली आहे. मी तिच्यात बोट घातलं.

त्या हो म्हणाल्या, म्हणून मी आठ दिवस इथेच राहणार आहे, त्या खालच्या खोलीत. न्हाणीघरातला दांडा धरून उठले-बसले. मला गरज नाही त्याची, तरी धरला.

फोटो सोबत आहे. आईच्या फोटोशेजारी लावायचा असेल तर लाव, मी अडवणार नाही. मागे शाईने लिहिलं आहे: ‘गाडीवानांच्या गावातलं एक घर. आमच्यापैकी कोणाचंही नाही.’ पाहुणे विचारतील तेव्हा तू काय सांगायचं ते सांग. मला विचारतील तेव्हा मी हेच सांगेन. या वेळी गॅलरीत बोलावू नकोस.

कळावे. यापुढे दोन शब्द लिहायचे असतात, ते तुला पाठ आहेत. मी ते लिहिलेले नाहीत.

धाकटी